विद्येच्या घराचे कर्ते

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें. पुण्यांत त्यांचें तीन पिढ्यांचें घर आहे. स्वतः ते पस्तीस वर्षें कॉलेजांत इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्यांची धाकटी सून अमेरिकेंतील एका विद्यापीठांत रसायनशास्त्राची प्राध्यापक आहे. तिला तेथील डीनची, म्हणजे अधिष्ठात्याची, जागा देऊं केली आहे; ती पत्करली तर पुढें-मागें 'प्रोव्होस्ट' होण्याचाहि संभव आहे, असें तिनें घरीं कळविलें. घरांत आनंद झाला, पेढे वांटले गेले. परंतु रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजोबांनीं जें बोलून दाखविलें त्यानें सगळें घर गप्प झालें. ते म्हणाले, "पोरीनें पंधरा वर्षें प्रयोगशाळेंत रक्त आटविलें, तें काय आतां दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करण्यासाठीं?"

हेंच त्यांनीं आम्हांस लिहून विचारलें आहे. पत्राच्या शेवटीं सासूबाईंनीं आपल्या हातानें दोन ओळी जोडल्या आहेत : "नातू नऊ वर्षांचा आहे. सूनबाई मोठी झाली तर आम्हांस हवेंच आहे. पण घराकडे मग कोणी पाहावें, हें कोणी सांगत नाहीं."

पत्रांत आणखी एक मजकूर आहे. तो पत्रलेखकांच्या परवानगीनें येथें देतों. पंचवीस वर्षांपूर्वीं त्यांना स्वतःला प्राचार्यपद देऊं केलें होतें. विद्यार्थी आणि कागदपत्रें सोडवेनात म्हणून त्यांनीं तें नाकारलें. "जे गृहस्थ त्या जागीं आले," ते लिहितात, "त्यांनीं दोन वर्षांत ग्रंथालयाची खरेदी जवळजवळ बंद केली आणि मुलांची वाचनाची खोली कचेरीला दिली. मीं अर्ज केले. अर्जाखेरीज माझ्या हातीं कांहीं उरलें नव्हतें." इतकें लिहून ते पुढल्या विषयाकडे वळले आहेत. आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आपणच लिहून ठेविलें आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचीं मुलें-मुली, सुना-जांवई आज देशांत वा परदेशांत विद्यापीठांतून शिकवीत आहेत. चाळिशी उलटली कीं त्यांच्यापुढें ही निवड केव्हां ना केव्हां उभी राहते. म्हणून या महिन्यांत आम्ही तिचाच थोडा विस्तारानें विचार करणार आहों.

अमेरिकन विद्यापीठाचा कारभार समजण्यास आपल्या एकत्र कुटुंबाचा दाखला पुष्कळ उपयोगी पडतो. घराला एक कर्ता पुरुष असतो. तो बाहेरचें पाहतो : सावकाराशीं बोलणें, कज्जेखटले, सोयरिकी, चारचौघांतला मान. परंतु कोठीच्या किल्ल्या ज्या थोरल्या सुनेच्या कमरेला असतात, तिच्यावांचून एक दिवसहि चूल पेटत नाहीं. बाळंतिणीला तूप किती, परीक्षेला बसलेल्या मुलाला दूध किती, पाहुणे आले तर कोणाची खोली रिकामी करावयाची, हें तीच ठरविते. आणि ज्याच्या पानांत कमी पडलें त्याचे बोलहि तीच ऐकते. अमेरिकन विद्यापीठाचा प्रेसिडेंट हा कर्ता पुरुष, आणि प्रोव्होस्ट ही किल्ल्यांची थोरली सून.

प्रेसिडेंटला तेथील विश्वस्त-मंडळ नेमतें, आणि तें मंडळच त्याला काढूंहि शकतें. देणगीदारांकडे जाणें, सरकारदरबारीं विद्यापीठाची बाजू मांडणें, माजी विद्यार्थ्यांस जवळ ठेवणें आणि संकटसमयीं सर्वांपुढें उभें राहणें हें त्याचें काम. प्रोव्होस्टकडे अंतर्गृहाचा कारभार असतो. निरनिराळ्या शाखांचे डीन त्याला जाब देतात; कोणत्या विभागास किती पैसा, कोणाला नवी जागा, कोणत्या तरुण अध्यापकास कायम करावयाचें आणि कोणाला निरोप द्यावयाचा, या सर्व गोष्टी त्याच्या मेजावरून जातात. 'प्रोव्होस्ट' हा शब्द लॅटिनमधून आला. 'वर नेमलेला' असा त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडांत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसारख्या कांहीं संस्थांच्या मुख्यालाच हें नांव आहे. अमेरिकेंत मात्र तो प्रेसिडेंटच्या खालोखालचा, विद्येच्या कारभाराचा प्रमुख.

आपल्याकडील रचना निराळी आहे. येथें राज्यपाल हे कुलपति. शोधसमितीनें सुचविलेल्या नांवांतून ते कुलगुरूंची निवड करितात. आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणें कुलगुरूंची मुदत पांच वर्षांची असते. आपले कुलगुरु पुष्कळ अंशीं प्रेसिडेंट आणि प्रोव्होस्ट या दोघांचेंहि काम एकट्यानें करितात. प्र-कुलगुरु मदतीला असतात. म्हणून या पदावरच्या माणसाची ओढाताण आपल्याकडे कांहीं कमी नाहीं.

आतां या पायऱ्या चढतात कशा? लहानपणीं 'तूं मोठेपणीं कोण होणार' या प्रश्नाला 'मी प्रोव्होस्ट होणार' असें उत्तर देणारा मुलगा आमच्या पाहण्यांत नाहीं. पूर्वीं अशा नेमणुका फार अकल्पित होत. १८६९ सालीं हार्वर्डनें चार्ल्स इलियट या रसायनशास्त्राच्या अध्यापकास प्रेसिडेंट केलें, तेव्हां त्याचें वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें. कांहीं वर्षांपूर्वींच हार्वर्डमध्यें ज्या प्राध्यापकाच्या जागेची त्याला आशा होती ती दुसऱ्याला मिळाली होती. मग तो युरोपांत हिंडून तेथील शिक्षणसंस्था पाहून आला, बोस्टनच्या नव्या तंत्रशाळेंत शिकवूं लागला, आणि शिक्षणसुधारणेवर लेख लिहूं लागला. पुढें १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तो त्या जागेवर राहिला. विद्यार्थ्याला आपले विषय आपण निवडूं देण्याची पद्धति त्यानेंच तेथें रुजविली. एका जुन्या कॉलेजाचें आधुनिक विद्यापीठ झालें तें त्याच्याच कारकीर्दींत.

आज वाट बहुधा ठरलेली असते : प्राध्यापक, विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट, आणि मग प्रेसिडेंट. या वाटेचा उत्तम नमुना म्हणजे हॅना ग्रे या बाई. त्यांचा जन्म १९३० सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झाला. वडील इतिहासकार, नाझींच्या अमलांत त्यांना देश सोडावा लागला आणि हें कुटुंब अमेरिकेंत आलें. बाईंनींहि इतिहासच घेतला. युरोपच्या पुनरुज्जीवनाच्या काळाचा त्यांचा विशेष अभ्यास. शिकागो विद्यापीठांत अध्यापन, नॉर्थवेस्टर्नमध्यें डीनचें पद, मग १९७४ सालीं येल विद्यापीठाच्या प्रोव्होस्ट, अशी त्यांची चढण. १९७७ सालीं येलचे प्रेसिडेंट ब्रिटनमध्यें राजदूत म्हणून गेले, तेव्हां वर्षभर तेथील सगळाच भार बाईंवर आला. १९७८ सालीं शिकागोनें त्यांना आपल्या प्रेसिडेंट म्हणून बोलावलें, आणि पंधरा वर्षें त्यांनीं तें घर चालविलें. परंतु आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती १९९३ नंतरची. पद सोडल्यावर त्या पुन्हा आपल्या विद्यार्थ्यांस इतिहास शिकवूं लागल्या. पंधरा वर्षें कर्तेपण केलेली व्यक्ति पुन्हा वर्गांत जाऊन खडू हातीं घेते, याचा अर्थ विद्या तिला सोडून गेली नव्हती, आणि तिनेंहि विद्या सोडली नव्हती.

सासूबाईंच्या दोन ओळींसाठीं आम्ही दुसरें चरित्र सांगतों. रेणू खातोर यांचा जन्म उत्तरप्रदेशांतील फर्रुखाबाद येथें १९५५ सालीं झाला. कानपूर विद्यापीठाची पदवी घेतल्यावर वडिलधाऱ्यांनीं ठरविलेल्या स्थळीं त्यांचें लग्न झालें आणि त्या पतीबरोबर अमेरिकेंत पर्ड्यू विद्यापीठाच्या गांवीं गेल्या. इंग्रजी बोलणें समजण्याचीच तेव्हां पंचाईत होती. तरी पतीनें प्रवेश घेण्यास उत्तेजन दिलें. १९७५ सालीं त्या राज्यशास्त्रांत एम्. ए. झाल्या आणि १९८५ सालीं पीएच्. डी. मध्यंतरीं संसार होता, दोन मुली झाल्या. पुढें फ्लोरिडांतील एका सरकारी विद्यापीठांत वीस वर्षांहून अधिक काळ एक-एक पायरी चढत त्या प्रोव्होस्ट झाल्या. आणि २००८ सालच्या जानेवारींत त्यांनीं ह्यूस्टन विद्यापीठाची सूत्रें हातीं घेतलीं. त्यांचे पति अभियांत्रिकीचे प्राध्यापक. तेहि पुढें ह्यूस्टनच्याच विद्यापीठांत आले. नवऱ्याच्या बदलीबरोबर बायकोनें बिऱ्हाड हलविल्याचीं उदाहरणें आपल्या प्रत्येक वाड्यांत सांपडतील. बायकोच्या नेमणुकीबरोबर नवऱ्यानें बिऱ्हाड हलविलें, हें कौतुकानें सांगावें लागतें इतकें तें अजून विरळा आहे. एम्. ए. आणि पीएच्. डी. यांमध्यें दहा वर्षें गेलीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. उशीर झाला म्हणून वाट बंद झाली नाहीं.

तथापि पायऱ्या चढणें हें कांहीं ध्येय नव्हे. वर पोंचून काय करावयाचें, हा खरा प्रश्न. रूथ सिमन्स या बाई टेक्सस प्रांतांत अर्धलीनें शेती करणाऱ्या एका गरीब नीग्रो कुटुंबांत १९४५ सालीं जन्मल्या. बारा भावंडांत सर्वांत धाकट्या. शिष्यवृत्तीवर शिकून त्यांनीं हार्वर्डमधून फ्रेंच आदिकरून भाषांत पीएच्. डी. मिळविली. पुढें स्पेलमन कॉलेजांत प्रोव्होस्ट, प्रिन्स्टनमध्यें उप-प्रोव्होस्ट, मग स्मिथ या स्त्रियांच्या कॉलेजाच्या प्रेसिडेंट, आणि २००१ सालीं ब्राऊन विद्यापीठाच्या प्रेसिडेंट झाल्या. अमेरिकेंतील 'आयव्ही लीग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ जुन्या प्रतिष्ठित विद्यापीठांपैकीं एकाचें प्रमुखपद कृष्णवर्णी व्यक्तीला मिळण्याची ती पहिलीच वेळ. बाईंनीं २००३ सालीं काय केलें? ब्राऊनच्या संस्थापकांचा आणि आश्रयदात्यांचा गुलामांच्या व्यापाराशीं किती संबंध होता, याचा शोध घेण्यास त्यांनीं एक समिति नेमली. आपल्या घराचा भूतकाळ आपणच उघडावयाचा, हें कांहीं सोपें काम नव्हे. देणगीदार रुसतील, माजी विद्यार्थी चिडतील, ही भीति होतीच. समितीनें २००६ सालीं अहवाल दिला आणि विद्यापीठानें तो प्रसिद्ध केला. पुढें इतर अनेक विद्यापीठांनीं तोच कित्ता गिरविला. ही समिति एकाद्या प्राध्यापकानें मागितली असती तर त्याचा अर्ज झाला असता. खुर्चींत बसलेल्या व्यक्तीनें ती नेमली म्हणून तें कार्य झालें. याच बाई निवृत्तीनंतर २०१७ सालीं पुन्हा कामाला लागल्या, त्या कोठें? तर टेक्ससमधील प्रेअरी व्ह्यू या, मुळांत कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या, फारसा गाजावाजा नसलेल्या विद्यापीठांत. २०२३ पर्यंत त्यांनीं तेथील भार वाहिला.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही केवळ गोड बाजू दाखवीत आहों. तर आतां दुसरी बाजू. क्लार्क कर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक १९५८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले. त्या प्रांतांतील प्रत्येक मुलाला त्याच्या वकुबाप्रमाणें उच्च शिक्षणाची कोणती तरी पायरी मिळावी, अशी १९६० सालची प्रसिद्ध योजना त्यांच्याच नेतृत्वाखालीं झाली. परंतु बर्कलेच्या विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर ते दोन्ही बाजूंनीं सांपडले : विद्यार्थ्यांस ते कठोर वाटले आणि राजकारणी लोकांस मऊ. १९६७ सालच्या जानेवारींत विश्वस्त-मंडळानें त्यांना एका बैठकींत दूर केलें. अगदीं अलीकडची गोष्ट पाहावयाची तर २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकन लोकसभेच्या एका समितीपुढें यहुदी-द्वेषाविषयीं साक्ष दिल्यानंतर चारच दिवसांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रेसिडेंट लिझ मॅगिल यांनीं राजीनामा दिला. आणि हार्वर्डच्या क्लॉडिन गे यांनीं, लेखनांतील उसनवारीच्या आरोपांचीहि भर पडल्यावर, २ जानेवारी २०२४ रोजीं. गे यांना पदावर येऊन सहाच महिने झाले होते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेच्या पाहणीप्रमाणें २००६ सालीं तेथील प्रेसिडेंट सरासरी ८.५ वर्षें जागेवर असत. २०२२ सालीं हा आंकडा ५.९ वर आला. इलियटचीं चाळीस वर्षें आतां पुराणांतलीं म्हणावयाचीं.

म्हणून या पदाकडे जाणाऱ्यानें उतरण्याची वाट आधीं पाहून ठेविली पाहिजे. क्लार्क कर पदच्युत झाल्यावर हताश होऊन बसले नाहींत. लगेच त्यांनीं कार्नेगी संस्थेच्या उच्च-शिक्षण आयोगाचें अध्यक्षपद घेऊन पुढील कित्येक वर्षें सबंध देशाच्या विद्यापीठांचा अभ्यास केला. हॅना ग्रे वर्गांत परतल्या. तेथील एक चाल येथें सांगितली पाहिजे : डीनची वा प्रोव्होस्टची जागा वरिष्ठांच्या मर्जीची असते, परंतु प्राध्यापकाची कायमची जागा सहसा त्याच्या नांवें राहते, आणि पद गेलें तरी तो आपल्या विषयाकडे परत जाऊं शकतो. ही सोय केवळ पोटाची नाहीं. ज्याला परत जावयास घर आहे तोच भरसभेंत 'नाहीं' म्हणूं शकतो. ज्याचें सर्वस्व खुर्चींत आहे, त्याला खुर्ची सांगेल तें ऐकावें लागतें.

आजोबांच्या शंकेंत तथ्य नाहीं काय? आहे, आणि तें आपल्याच इतिहासांत आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचेंच पाहा. दापोलीजवळच्या मुर्डी गांवचा हा मुलगा १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाला. हिंदी विद्यार्थ्यांत पहिलाच. कबूल केल्याप्रमाणें ते परत आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सेवक झाले आणि १९०२ पासून फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल. वीस वर्षें बेताच्या वेतनावर संस्थेची सेवा करण्याची ती शपथ असे. पुढें मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु, आणि १९५६ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, बॅरिस्टर जयकरांच्या मागून पुणें विद्यापीठाचे कुलगुरु. किती विद्यार्थ्यांचें त्यांच्यामुळें कल्याण झालें, त्याची मोजदाद नाहीं. परंतु ज्या बुद्धीनें केंब्रिजला चकित केलें तिच्याकडून गणितांत नवें संशोधन फारसें झालें नाहीं. हा व्यय लहान नव्हे. तो कोणीं लपवूं नये.

परंतु दुसरीहि बाजू आपल्याच इतिहासांत आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर डेक्कन कॉलेजांतील संस्कृतच्या प्राध्यापकपदावरून १८९३ सालीं निवृत्त झाले आणि त्याच वर्षीं, न्यायमूर्ति तेलंगांच्या अकालीं मृत्यूनंतर, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. पद आलें आणि गेलें; त्यांची लेखणी चालूच राहिली. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९१३ सालीं निघाला, तेव्हां ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. त्यानंतरहि १९१६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं महिला विद्यापीठ काढलें तेव्हां भांडारकर त्याचे पहिले कुलपति झाले आणि परांजपे पहिले कुलगुरु. स्वतः अण्णांनीं मानाची खुर्ची घेतली नाहीं. त्यांनीं झोळी घेतली. १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपान हिंडून आले, महिला विद्यापीठाची माहिती देत आणि मदत मागत. अमेरिकन प्रेसिडेंटाचें मुख्य काम देणग्या मिळविणें हें ऐकून ज्यांना नाक मुरडावेंसें वाटतें, त्यांनीं अण्णांची झोळी आठवावी.

आणखी एक उदाहरण आपल्या काळचें. मुंबईच्या डॉ. स्नेहलता देशमुख या लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जन. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या त्या अधिष्ठात्या झाल्या, आणि १९९५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-कुलगुरु. त्यांच्या कारकीर्दींत गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नांवाबरोबर आईचें नांव लागूं लागलें. एवढीशी ती ओळ. परंतु ज्या बायांनीं पहांटे उठून मुलांचे अभ्यास घेतले, त्यांचें नांव विद्यापीठाच्या कागदावर पहिल्यानें आलें. ही ओळ घालण्यास मोठें संशोधन नको होतें. सही करणाऱ्या जागीं तशी दृष्टि असलेली व्यक्ति असावी लागली, इतकेंच.

यावरून आमचें मत आतां सांगतों. खुर्ची रिकामी राहत नाहीं. विद्वान माणसानें ती आपल्याला शोभत नाहीं म्हणून नाकारली, तर ती कोणाला तरी शोभतेच. आणि मग ग्रंथालयाची खरेदी राहील कीं जाईल, हें तो कोणी तरी ठरवितो. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या पत्रलेखकांनीं जें केलें तें निःस्वार्थपणें केलें. त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. प्रत्येकानें पद घेतलेंच पाहिजे असेंहि नाहीं. ज्याच्या हातून शास्त्राचें चालू काम अर्धवट राहील आणि दुसऱ्या कोणाच्या हातून तें होणार नाहीं, त्यानें निर्धास्तपणें नाहीं म्हणावें. परंतु तो निर्णय कामाचा हिशेब करून घ्यावा. 'कारकुनी' हा शब्द उच्चारून नव्हे. प्रोव्होस्टच्या एका सहीनें एकादी प्रयोगशाळा उभी राहते, एकादा होतकरू तरुण कायम होतो. अशा सहीला कारकुनी म्हणणें म्हणजे कोठी सांभाळणाऱ्या थोरल्या सुनेला मोलकरीण म्हणण्यासारखें आहे. आपल्या घरांतून तीहि चूक पुष्कळ वर्षें झाली आहे.

सूनबाईंनीं होकार देण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला, मला या जागेवरून नेमकें काय राखावयाचें आहे? उत्तर एका वाक्यांत देतां आलें नाहीं, तर अजून थांबावें. दुसरा, माझी प्राध्यापकाची जागा आणि प्रयोगशाळेचा एक कोपरा, निदान एक-दोन विद्यार्थी, माझ्याकडे राहतील असें लेखी मिळतें आहे काय? तिसरा, ज्यांच्याबरोबर काल चहा घेत होतें त्यांनाच उद्यां 'नाहीं' सांगण्याची माझी तयारी आहे काय? कारण किल्ल्या कमरेला आल्या कीं जावांतलें हसणें-बोलणें पूर्वींसारखें राहत नाहीं. हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलीला निराळें सांगावयास नको.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाचें काय? घराकडे कोणी पाहावें? याचें उत्तर सूनबाईंनीं एकट्यांनीं द्यावयाचें नाहीं. ज्या दिवशीं मुलाला बढती मिळते त्या दिवशीं हा प्रश्न घरांत निघत नाहीं. सुनेला मिळाली कीं निघतो. यांत सासूबाईंचा दोष नाहीं. त्यांच्या काळीं उत्तर विचारल्यावांचूनच ठरलेलें असे, आणि तें त्यांच्याच अंगावर पडे. आमचें म्हणणें इतकेंच कीं या खेपेस हा प्रश्न चिरंजीवांस विचारावा. नातवाची शाळा, त्याचा ताप, त्याची संध्याकाळ यांपैकीं तूं काय उचलणार, असें आईनें विचारलें तर तें सुनेनें विचारण्याहून अधिक वजनदार होईल. शिवाय आजी-आजोबांनीं वर्षांतले दोन-तीन महिने तिकडे जाऊन राहावें. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकास नऊ वर्षांच्या नातवाहून चांगला विद्यार्थी कोठें मिळणार?

हें सर्व आम्ही त्यांना खासगी पत्रानेंहि कळविलें होतें. अंक छापावयास जाण्यापूर्वीं त्यांचें उत्तर आलें. सूनबाईंचा निर्णय अजून झालेला नाहीं. विद्यापीठानें तिला महिन्याची मुदत दिली आहे. आजोबांनीं मात्र तिला एक पत्र टाकलें आहे, आणि त्यांत आपल्या त्या नाकारलेल्या प्राचार्यपदाची हकीकत प्रथमच सविस्तर लिहिली आहे; घरांत ती आजवर कोणास पुरती ठाऊक नव्हती. शेवटीं त्यांनीं लिहिलें आहे, "तुला जें योग्य वाटेल तें कर. पण तेथें बसलीस, तर ग्रंथालयाची खरेदी थांबूं देऊं नकोस."